‘माझा कोड कोणी उडवला?’ हे भांडण नको असेल तर छोट्या टीमने गिट असं सुरू करावं

तीन जणांची टीम आहे. काम साधंच, एका मेसच्या डब्यांच्या ऑर्डर घेणारी वेबसाईट. एकजण मेन्यूचं पान बघतोय, दुसरी ऑर्डरचा फॉर्म करतेय, तिसरा पेमेंटच्या मागे लागलाय. कोडची झिप फाईल व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतेय. रात्री अकरा वाजता मेसेज पडतो, ‘लेटेस्ट कोणती?’ आणि तिघांची तीन उत्तरं येतात.

दुसऱ्या दिवशी कळतं की ऑर्डरच्या फॉर्मवर केलेलं दोन दिवसांचं काम गायब आहे. कोणी मुद्दाम उडवलेलं नाही. एकाने आपल्याकडची जुनी फाईल त्यावर टाकली, एवढंच. पण तोपर्यंत ग्रुपवर ‘कोणी केलं?’ सुरू झालेलं असतं.

कॉलेजच्या फायनल इयर प्रोजेक्टपासून चार जणांच्या स्टार्टअपपर्यंत हे सगळीकडे होतं. यावरचा उपाय २००५ पासून फुकट मिळतोय. त्याचं नाव गिट. अडचण अशी की गिट शिकायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांतच कमांडचा पाऊस पडतो आणि हे सगळं कशासाठी चाललंय तेच कळत नाही.

म्हणून आज उलटं करू. आधी गिट कुठून आलं आणि ते नेमकं काय करतं ते बघू, मग छोट्या टीमने पहिल्या दिवशी काय करायचं ते.

गिट आलं कुठून?

तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या पोटात लिनक्स कर्नल आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तो सुरू केला आणि पुढे जगभरातले प्रोग्रामर त्यात भर घालत गेले. सुरुवातीची बरीच वर्षं हे बदल ईमेलवरून यायचे आणि टोरवाल्ड्स ते एकेक करून जोडायचे. म्हणजे आपल्या झिप फाईलचाच प्रकार, फक्त भलत्याच मोठ्या प्रमाणावर.

२००२ मध्ये लिनक्सवाल्यांनी बिटकीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. ते एका खासगी कंपनीचं होतं, पण लिनक्सच्या कामासाठी फुकट मिळत होतं. २००५ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रामरने बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकेल असं स्वतःचं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं. कंपनीला ते पटलं नाही. वाद वाढला आणि फुकट वापराची सोय बंद झाली.

आता पर्याय शोधणं आलं. टोरवाल्ड्स यांना बाजारातला एकही पर्याय पुरेसा वेगवान वाटला नाही. त्यांनी ३ एप्रिल २००५ ला स्वतःच लिहायला सुरुवात केली. ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला होता. १६ जूनला लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटवर सांभाळून बाहेर पडली. जुलैमध्ये टोरवाल्ड्स यांनी गिटची जबाबदारी ज्युनिओ हमानो यांच्याकडे दिली.

नावाची गंमत म्हणजे ब्रिटिश बोलीत ‘गिट’ ही एक सौम्य शिवी आहे. आपण स्वतःचंच नाव प्रोजेक्टला देतो, आधी लिनक्स आणि आता गिट, असा विनोद टोरवाल्ड्स यांनीच केला होता.

‘डिस्ट्रिब्युटेड’ म्हणजे नेमकं काय?

बचत गटाची वही डोळ्यासमोर आणा. वही एकच आणि ती खजिनदाराकडे. कोणाचे किती जमा, कोणी कधी कर्ज घेतलं, हे बघायचं तर खजिनदाराच्या घरी जायचं. वही हरवली तर सगळा इतिहास हरवला. गिटच्या आधी लोकप्रिय असलेली सीव्हीएस आणि सबव्हर्जन ही सॉफ्टवेअर साधारण अशीच चालायची. बदलांचा पूर्ण इतिहास एका सर्व्हरवर, बाकीच्यांकडे फक्त चालू प्रत.

गिटमध्ये प्रत्येक सदस्याकडे पहिल्या पानापासूनची अख्खी वही असते. कोणी, कधी, कोणत्या फाईलमध्ये काय बदललं, हे सगळं तुमच्या लॅपटॉपवर. म्हणून इंटरनेट नसतानाही तुम्ही जुना कोड बघू शकता, तुलना करू शकता, नवी नोंद करू शकता. नेट आलं की आपल्या नोंदी इतरांना द्यायच्या आणि त्यांच्या आपण घ्यायच्या.

याचा उपयोग किती, ते २०११ मध्ये दिसलं. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस कळलं की लिनक्स कर्नलचा कोड जिथून मिळतो त्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी घुसलंय. सर्व्हर बंद करावे लागले आणि साईट काही आठवडे बंद राहिली. पण लिनक्सचं काम थांबलं नाही, कारण पूर्ण इतिहासाच्या प्रती हजारो प्रोग्रामरांच्या कॉम्प्युटरवर होत्या. टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबरमध्ये तोच कोड तात्पुरता गिटहबवर ठेवला आणि पुढचं काम सुरू झालं.

पण घुसणाऱ्याने जुना कोड गुपचूप बदलला असता तर? त्याचाही बंदोबस्त आहे. गिटमध्ये प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून काढलेला ४० अक्षर-अंकांचा ठसा मिळतो आणि त्या हिशोबात आधीच्या नोंदीचा ठसाही धरलेला असतो. मधलं एक पान बदललं की पुढच्या सगळ्या पानांचे ठसे बदलतात आणि इतरांकडच्या वह्यांशी ते जुळत नाहीत.

गिट वेगळं, गिटहब वेगळं

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. गिट हे तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर आहे. गिटहब ही २००८ मध्ये सुरू झालेली वेबसाईट आहे, जिथे टीम आपली सामायिक वही ठेवते. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती ७.५ अब्ज डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. गिटलॅब आणि बिटबकेट हे त्याच कामाचे इतर पर्याय. यातलं काहीही न वापरता गिट वापरता येतं. उलट मात्र होत नाही.

हा फरक गिटलॅबच्याच एका घटनेतून नीट कळतो. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली आणि वेबसाईटचा मुख्य डेटाबेस उडाला. बॅकअपच्या बहुतेक सोयी ऐनवेळी कुचकामी निघाल्या. साधारण सहा तासांचा डेटा परत मिळालाच नाही. त्यात लोकांनी लिहिलेल्या तक्रारी, चर्चा, कमेंट होत्या. गिटमध्ये ठेवलेला कोड मात्र शाबूत राहिला.

आपल्यासाठी मुद्दा असा की कोडची पूर्ण प्रत प्रत्येकाकडे असते, पण वेबसाईटवर केलेल्या चर्चा आणि कामांच्या याद्या त्या प्रतीत येत नाहीत. एखादा निर्णय महत्त्वाचा असेल तर तो प्रोजेक्टमधल्याच एखाद्या साध्या टेक्स्ट फाईलमध्येही लिहून ठेवा.

पहिला दिवस: एकदाच करायची कामं

१. तिघांनीही आपापल्या कॉम्प्युटरवर गिट टाकायचं. विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हींवर ते फुकट आहे.

२. गिटला आपलं नाव आणि ईमेल सांगायचा. हे दोन्ही तुमच्या प्रत्येक नोंदीवर छापले जातात. प्रोजेक्ट सगळ्यांसाठी खुला असेल तर ईमेलही सगळ्यांना दिसतो, तेव्हा कोणता द्यायचा ते आधी ठरवा.

३. सामायिक जागा एकानेच तयार करायची. गिटच्या भाषेत तिला रिपॉझिटरी म्हणतात. तिघांनी तीन तयार केल्या की गोंधळ पहिल्याच दिवशी सुरू. गिटहबवर एप्रिल २०२० पासून फुकट खात्यातही खासगी रिपॉझिटरीत हवे तितके सहकारी घेता येतात, त्यामुळे छोट्या टीमला पैसे मोजायची गरज नाही.

४. कोड टाकायच्या आधी ‘टिंब गिटइग्नोर’ नावाची फाईल बनवायची. यात गिटने कशाकडे दुर्लक्ष करायचं त्याची यादी असते. पासवर्डच्या फाईली, आपोआप डाउनलोड होणारी पॅकेजेस, कॉम्प्युटरने स्वतः तयार केलेला कचरा, हे सगळं त्या यादीत.

५. बाकीच्यांनी ‘गिट क्लोन’ ही कमांड वापरून आपली प्रत घ्यायची. झिप डाउनलोड करायची नाही, कारण झिपमध्ये फक्त आजचं पान येतं, वही येत नाही.

इथे एक गोष्ट हमखास अडवते. गिटहबचा पासवर्ड बरोबर टाकूनही कमांड लाइनवर तो चालत नाही. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलंय. त्याऐवजी टोकन किंवा एसएसएच की लागते. दोन्ही खात्याच्या सेटिंगमधून जोडता येतात.

रोजचं चक्र: सहा पावलं

काम सुरू करण्याआधी ‘पुल’ करायचं, म्हणजे इतरांनी केलेले बदल आपल्याकडे घ्यायचे.

मग ‘ब्रँच’ काढायची. ब्रँच म्हणजे मुख्य रस्त्याला फुटलेली आपली पायवाट. तिथे कितीही तोडफोड केली तरी मुख्य रस्त्याला धक्का लागत नाही. मुख्य ब्रँचला सहसा ‘मेन’ म्हणतात. आपल्या ब्रँचचं नाव कामावरून द्या, उदाहरणार्थ ‘ऑर्डर-फॉर्म’.

नंतर काम करायचं आणि ‘ॲड’ने कोणते बदल नोंदवायचे ते निवडायचं.

चौथं पाऊल ‘कमिट’. ही वहीतली नोंद. सोबत एक ओळ लिहायची असते आणि ती लिहिताना सगळे कंटाळा करतात. ‘बदल केले’ असं लिहिलं तर दोन महिन्यांनी कोणालाच काही कळत नाही. ‘थाळीचा दर ८० वरून ९० केला, काकूंनी १ तारखेपासून वाढवायला सांगितलाय’ असं लिहिलं तर कारणही नोंदलं गेलं. काय बदललं ते गिट स्वतःच दाखवतं. का बदललं ते फक्त तुम्हीच सांगू शकता.

पाचवं ‘पुश’. आपली ब्रँच सामायिक जागेत पाठवायची.

सहावं ‘पुल रिक्वेस्ट’. गिटलॅबवर यालाच मर्ज रिक्वेस्ट म्हणतात. म्हणजे टीमला सांगायचं, ‘माझं काम झालंय, बघून मेनमध्ये घ्या.’ दुसऱ्या कोणीतरी ते वाचायचं, शंका विचारायच्या, मग ‘मर्ज’ करायचं.

यात नेमकं काय वाचलं? झिपच्या जमान्यात जुनी फाईल नव्या फाईलवर बसायची आणि कोणाला पत्ताही लागायचा नाही. गिटमध्ये सामायिक ब्रँचवर तुमच्याकडे नसलेली नोंद आधीच आली असेल तर तुमचं पुश सरळ नाकारलं जातं. आधी ते घ्या, मग तुमचं द्या, असं गिट बजावतं. हा एरर बघून नवखी माणसं घाबरतात. खरं तर हाच एरर तुमच्या सहकाऱ्याचं दोन दिवसांचं काम वाचवत असतो.

कॉन्फ्लिक्ट आला, आता काय?

दोघांनी वेगवेगळ्या फाईलवर किंवा एकाच फाईलच्या वेगवेगळ्या भागांत काम केलं असेल तर गिट ते आपोआप जोडतं. अडतं कधी? दोघांनी एकच ओळ बदलली की.

समजा थाळीचा दर ८० होता. एकाने तो ९० केला, दुसरीने १००. मर्ज करताना गिट थांबतं आणि फाईलमध्ये दोन्ही ओळी लिहून ठेवतं. सुरुवातीला ‘पेक्षा लहान’ची सात चिन्हं, मग एक बाजू, मध्ये ‘बरोबर’ची सात चिन्हं, मग दुसरी बाजू आणि शेवटी ‘पेक्षा मोठे’ची सात चिन्हं. तुम्ही हवी ती ओळ ठेवायची, बाकी सगळं आणि ती चिन्हं पुसायची, ॲड करायचं, कमिट करायचं. झालं.

पण ९० ठेवायचे की १००? ते गिटला माहीत नाही आणि कधीच माहीत असणार नाही. त्यासाठी मेसवाल्या काकूंनाच फोन लावावा लागतो. दोघांच्या समजुतीत फरक आहे, हे गिटने वेळेत दाखवून दिलं. पुढचं बोलणं माणसांनी करायचं.

म्हणूनच कॉन्फ्लिक्ट सोडवताना घाईत ‘माझंच ठेव’ असं बटण दाबू नका. समोरच्याची ओळ का वेगळी आहे ते आधी विचारा. आणि कॉन्फ्लिक्ट कमी यावेत असं वाटत असेल तर ब्रँच छोट्या ठेवा. दोन दिवसांची ब्रँच सहज जुळते. तीन आठवडे एकट्याने चालवलेली ब्रँच जोडायला अख्खा दिवस जाऊ शकतो.

चुकलं तर परत कसं फिरायचं?

चूक पुश झालेली असेल तर ‘रिव्हर्ट’ वापरा. ते जुनी नोंद खोडत नाही, तिच्या उलट नवी नोंद करतं. वहीत चुकीची रक्कम लिहिली गेली तर पान न फाडता खाली दुरुस्तीची नोंद करतात, तसंच.

‘रिसेट’ आणि ‘फोर्स पुश’ या दोन गोष्टी नवख्या टीमने मेन ब्रँचवर टाळाव्यात. फोर्स पुश म्हणजे ‘नाकारू नकोस, माझीच प्रत खरी धर’ असं सामायिक जागेला सांगणं. म्हणजे झिपच्या जमान्यातला लोचा गिटमध्ये परत आणणं.

एकदा कमिट केलेलं काम मात्र सहसा हरवत नाही. ब्रँच चुकून डिलीट झाली तरी ‘रिफ्लॉग’ या कमांडने तुमच्या कॉम्प्युटरवरच्या अलीकडच्या नोंदी सापडतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये अशा सुट्या पडलेल्या नोंदींचा माग ३० दिवस ठेवला जातो. कमिट न केलेल्या बदलांना हे संरक्षण नाही. ते गेले की गेले. त्यामुळे जेवायला उठण्याआधी एक छोटी कमिट करणं कधीही चांगलं.

पासवर्ड गेला तर पुसून भागत नाही

पेमेंट गेटवेची की किंवा डेटाबेसचा पासवर्ड चुकून कमिट झाला. लक्षात आल्यावर तुम्ही ती ओळ काढली आणि नवी कमिट केली. सुटलात? नाही. जुन्या पानावर ती तशीच आहे आणि ते पान प्रत्येक प्रतीत गेलंय. जी गोष्ट कोड वाचवते तीच इथे अंगावर येते. अशा वेळी पहिलं काम म्हणजे तो पासवर्ड किंवा की तत्काळ बदलणं. इतिहास साफ करणं त्यानंतर.

गिटच्या मर्यादाही माहीत असू द्या. ते टेक्स्टसाठी उत्तम आहे. फोटोशॉपच्या फाईली, व्हिडिओ, वर्ड किंवा एक्सेल यांत दोघांनी केलेले बदल ते ओळीओळीने जोडू शकत नाही. गिटहब तर १०० एमबीपेक्षा मोठी फाईल साध्या पुशमध्ये घेतच नाही. अशा गोष्टी ड्राइव्हवर ठेवा आणि एका वेळी कोण हात लावणार ते ठरवून घ्या.

टीमने पहिल्याच बैठकीत ठरवायच्या पाच गोष्टी

- मेन ब्रँचवर थेट कोणी पुश करायचं नाही. मेन कधीही उघडली तरी वेबसाईट चालली पाहिजे.
- प्रत्येक कामाची वेगळी ब्रँच. काम मर्ज झालं की ती डिलीट करायची.
- पुल रिक्वेस्ट किमान एका दुसऱ्या माणसाने वाचायची आणि ती एका दिवसाच्या आत वाचायची. पडून राहिलेल्या रिक्वेस्टमुळेच कॉन्फ्लिक्ट वाढतात.
- कमिटचा मेसेज मराठीत की इंग्रजीत, ते एकदा ठरवायचं. कोणतीही भाषा चालेल, कारण लिहिलेलं हवं.
- कोणती ओळ कोणी शेवटची बदलली हे दाखवणाऱ्या कमांडचं नाव ‘ब्लेम’ आहे. पण तिचा वापर दोष देण्यासाठी करायचा नाही. ही ओळ अशी का आहे हे कोणाला विचारायचं, ते कळावं म्हणून करायचा.

आणि खरं काम सुरू करण्याआधी अर्धा तास काढून एक सराव करा. नवी रिकामी रिपॉझिटरी घ्या. तिच्यात एकच फाईल आणि फाईलमध्ये एकच ओळ, ‘आज जेवायला काय?’ तिघांनी आपापल्या ब्रँचमध्ये तीच ओळ वेगवेगळी बदला आणि तिन्ही ब्रँच मर्ज करायचा प्रयत्न करा. कॉन्फ्लिक्ट येणारच. शेजारी शेजारी बसून तो सोडवा, मग शेवटची कमिट रिव्हर्ट करून बघा. इथे काही बिघडलं तरी कोणाचं नुकसान नाही. आणि पुढे कधी डेडलाइनच्या रात्री ती सात-सात चिन्हं समोर आली, तर ती आधी बघितलेली असतील.